स्वस्त परदेशी शेतवाहने व छोटी यंत्रे : विकत घ्यावीत काय?

बुलढाणा जिल्ह्यात बैलजोडी सांभाळणे आता अनेक कुटुंबांना जड जाऊ लागले आहे. जोडीची किंमत, वर्षभराचे कुटार व वैरण आणि सालदाराची मजुरी यांचा बोजा पाच-सहा एकरांच्या कोरडवाहू शेतीस पेलवत नाही. नांगरटीस व पेरणीस ट्रॅक्टर भाड्याने मिळतो. परंतु पेरणीनंतरची डवरणी, उभ्या पिकातील निंदण, खताची पोती धुऱ्यापर्यंत नेणे ही कामे मोठ्या ट्रॅक्टरने होत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी दोन प्रकारची यंत्रे शेतकऱ्यांपुढे येत आहेत. पहिले म्हणजे वर बसून चालवावयाचे, रुंद टायरांचे चारचाकी वाहन, ज्यास एटीव्ही म्हणतात. आणि दुसरे म्हणजे मागे चालत हाताळावयाचे पॉवर वीडर किंवा छोटे टिलर. ही यंत्रे बहुधा चिनी बनावटीची, अथवा चिनी भाग येथे जोडून तयार केलेली असतात. मोबाइलवरील जाहिरातींत त्यांची किंमत फारच कमी दाखविलेली असते, आणि अशी यंत्रे घ्यावीत काय, असा प्रश्न ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस वारंवार विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर किमतीवरून ठरत नाही. जुलै महिन्यात चार दिवस वाफसा मिळाला असता यंत्र बंद पडले, तर त्याचा तुटलेला भाग तालुक्याच्या गावी त्याच दिवशी मिळतो किंवा नाही, यावर ते ठरते.

एटीव्ही : शेतास उपयोगी किती?

एटीव्ही या तीन इंग्रजी अक्षरांचा अर्थ 'कोणत्याही जमिनीवर चालणारे वाहन' असा होतो. नाव मोठे आहे, वाहन लहान आहे. आज परिचित असलेल्या स्वरूपाचे हे वाहन होंडा या जपानी कंपनीने १९७० साली अमेरिकेत तीनचाकी रूपात विक्रीस आणले. चारचाकी वाहन सुझुकीने १९८२ मध्ये आणले. पुढे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील मेंढपाळांनी व गुरे पाळणाऱ्यांनी त्याचा मोठा स्वीकार केला. शेकडो एकरांच्या कुरणात कुंपण पाहत फिरणे, मेंढ्या वळविणे, एखादे अवजार झटपट नेऊन पोहोचविणे ही तेथील कामे होत. म्हणजे हे वाहन मनुष्यास कुरणावरून वेगाने नेण्यासाठी बनले आहे. जमीन कसण्यासाठी ते बनलेले नाही. हा भेद लक्षात घेतला म्हणजे पुढील बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

स्वस्तात मिळणारे एटीव्ही सामान्यतः ११० किंवा १२५ सी.सी. इंजिनाचे असते. त्याची अश्वशक्ती सात-आठ सांगण्यात येते, आणि बैलजोडीची शक्ती सरासरीने एक अश्वशक्तीच्या आसपास धरली जाते. यावरून हे वाहन सात जोड्यांचे काम करील, असा हिशेब विक्रेता मांडतो. हा हिशेब चुकीचा आहे. अश्वशक्ती ही ओढ आणि वेग यांच्या गुणाकाराने बनते. लहान इंजिन ती शक्ती मिनिटास सात-आठ हजार फेऱ्या घेत असता, म्हणजे वेगाने धावताना देते. डवरणी मात्र माणसाच्या चालीने करावयाची असते. शिवाय कोणतेही चाकांचे वाहन आपल्या वजनाच्या मानानेच ओढू शकते. त्याहून अधिक ओढ आली की चाके जागच्या जागी फिरू लागतात. वाहन ११० किलो व चालक ६५ किलो धरल्यास एकूण वजन १७५ किलो होते. भुसभुशीत जमिनीत त्याच्या चाळीस टक्के, म्हणजे सुमारे ७० किलो ओढ मिळाली तरी पुष्कळ म्हणावे लागेल. चारशे किलोचा एक, असे दोन बैल आपल्या वजनाच्या दशांशाने सतत ओढीत राहिले तरी ८० किलो ओढ देतात, आणि प्रसंगी क्षणभर त्याच्या दुपटीने जोर लावतात. तेव्हा सात जोड्यांची गोष्ट दूरच राहिली. वखर ओढण्याच्या बाबतीत हे वाहन एका जोडीच्याही मागे पडते.

दुसरी अडचण उष्णतेची आहे. मोटारसायकलीप्रमाणे या इंजिनास धावताना लागणाऱ्या वाऱ्याने थंडावा मिळतो. ताशी दोन-तीन किलोमीटरच्या चालीने अवजार ओढीत असता वारा लागत नाही आणि इंजिन तापते. त्यातील क्लच इंजिनाचा वेग वाढल्यावर आपोआप पकडणारा असतो. मंद गतीने ओझे ओढताना तो अर्धवट घसरत राहतो व लवकर झिजतो. मागील दोन्ही चाके बहुधा एकाच सलग आसावर बसविलेली असून त्यात डिफरन्शियल नसते. त्यामुळे तासाच्या टोकाला वळताना आतील चाक घासत जाते आणि पिकाच्या ओळी मोडतात.

आता जमिनीचा विचार करू. घाटाखालील तालुक्यांत, पूर्णेच्या खोऱ्यात, खोल व चिकण काळी जमीन आहे. तिचा काही भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. अशा जमिनीत पाऊस पडून गेल्यावर टायरास चिकटलेली माती मडगार्डात भरते आणि थोड्याच अंतरावर चाके फिरेनाशी होतात. रुंद टायर हे वाळूवर, गवतावर व ओलसर कुरणावर उत्तम काम देतात. चिकण काळ्या मातीचा त्यांच्यावर इलाज चालत नाही, त्यांचाही तिच्यावर चालत नाही. घाटावरील चिखली, मेहकर, लोणार या भागांत जमीन तुलनेने हलकी व मध्यम आहे. तेथे वाहन चालेल, परंतु खाली आलेली साखळी व ब्रेकच्या नळ्या दगडगोट्यांना लागून तुटण्याचा संभव असतो.

पावसाळ्यात पांदणीतून जाता येत नाही, म्हणून असे वाहन घ्यावे असे अनेकांना वाटते. हे वाटणे स्वाभाविक आहे. ज्याच्या शेतात जाण्याचा रस्ता चार महिने गुडघाभर चिखलात असतो, त्याचे दुःख तोच जाणतो. परंतु अशा पांदणीतून लहान वाहन गेलेच तर त्याच्या मागील पट्टीवर एखादेच पोते न्यावे लागेल. बैलगाडी आठ-दहा क्विंटल नेते. रस्त्याचा रोग रस्त्यावरच बरा करावा लागतो, आणि त्यासाठी २०२१ साली राज्यात मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना रोजगार हमीशी जोडून सुरू करण्यात आली होती. एका गावातील दहा जणांनी दहा वाहनांवर घालावयाचा पैसा व खटपट एका पांदणीच्या प्रस्तावामागे लावली, तर लाभ सर्वांस होईल असे आमचे मत आहे.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ३९ अन्वये नोंदणी नसलेले मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही, आणि कलम १४६ अन्वये तृतीय पक्षाचा विमा आवश्यक आहे. सार्वजनिक ठिकाण म्हणजे केवळ डांबरी सडक नव्हे; लोकांना जाण्यायेण्याचा हक्क असलेली वाट, मग ती पुढे कोठे निघत असो वा नसो, त्यात मोडते. अर्थात गावची पांदणही त्यात येते. नोंदणी होण्यासाठी त्या नमुन्याची चाचणी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ प्रमाणे मान्य संस्थेत झालेली असावी लागते, पुण्याची ए.आर.ए.आय. ही अशा संस्थांपैकी एक होय. स्वस्त एटीव्हीची अशी चाचणी झालेली नसते आणि त्याच्या कागदावर 'रस्त्यावर वापरण्यासाठी नाही' असे बारीक अक्षरांत छापलेले असते. असे वाहन रस्त्यावर एखाद्यास लागले, तर भरपाई मालकास स्वतःच्या खिशातून, प्रसंगी शेत विकून द्यावी लागेल. रस्त्यावर चालविता येईल असे वाहन मिळतच नाही असे नव्हे. पोलारिस या अमेरिकन कंपनीने २०१८ साली आपले एक एटीव्ही ट्रॅक्टर म्हणून नोंदता येईल अशा स्वरूपात भारतात आणले होते. त्याची किंमत त्या वेळी सुमारे आठ लाख रुपये होती, आणि तेवढ्या रकमेत साधा चांगला ट्रॅक्टर येतो.

धोक्याविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते, कारण हे वाहन घरात आले की मुले त्यावर बसणारच. अमेरिकेत तीनचाकी एटीव्हीचे अपघात इतके वाढले की १९८८ साली तेथील ग्राहक सुरक्षा आयोग व उत्पादक यांच्यात न्यायालयामार्फत तडजोड होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबविण्यात आली. पुढे २००८ च्या कायद्याने चारचाकी वाहनांसही सक्तीचे मानक लावण्यात आले. ऑस्ट्रेलियात ११ ऑक्टोबर २०२१ पासून शेतीकामाच्या नव्या चारचाकी एटीव्हीवर, वाहन उलटल्यास चालकास चिरडण्यापासून वाचविणारी चौकट असणे बंधनकारक झाले. ज्या देशांत ही वाहने पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, तेथील हा अनुभव आहे. उतारावर, धुऱ्यावर चढताना किंवा मागे दुसरा मनुष्य बसविला असता हे वाहन सहज उलटते. एकट्याने बसण्याच्या वाहनावर दुसऱ्यास बसवू नये, मुलांच्या हाती ते देऊ नये आणि शिरस्त्राणाशिवाय चालवू नये.

सारांश, बुलढाण्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याने स्वस्त एटीव्ही शेतीसाठी घेऊ नये, असेच आम्ही सांगू. पॉवर वीडरची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तिचा विचार सावकाश केला पाहिजे.

परदेशी म्हणून वाईट नव्हे

परदेशी व स्वस्त यंत्राचा प्रश्न आपल्या देशास नवा नाही. १९५९ साली फरीदाबाद येथे आयशरचा पहिला ट्रॅक्टर तयार होईपर्यंत देशातील ट्रॅक्टर बाहेरूनच येत होते, आणि त्यानंतरही बरीच वर्षे देशी उत्पादन मागणीस पुरत नव्हते. त्या काळात चेकोस्लोव्हाकियाचा झेटर, पोलंडचा उर्सुस, रशियाचा बेलारूस असे अनेक ट्रॅक्टर पूर्व युरोपातून आले. रुपयांत व्यवहार होत असल्याने ते आपणांस परवडत. त्यांतील झेटरची हकीकत बोधप्रद आहे. त्याच्या उत्पादकांशी करार करून हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने १९७१ पासून हरियाणातील पिंजोर येथे त्याच घराण्यातील २५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर तयार करण्यास सुरुवात केली. तो कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. परंतु मधल्या चार-साडेचार दशकांत त्या ट्रॅक्टरचे भाग देशातच तयार होत राहिले आणि ते दुरुस्त करणारे हात गावोगाव तयार झाले. परदेशी यंत्र येथे रुळले, कारण त्याच्या मागे येथील कारखाना व येथील मिस्त्री उभे राहिले.

याच्या उलट बाजूचे उदाहरण गुजरातेतील आहे. अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगाणी यांनी १९९० च्या दशकात बुलेट मोटारसायकलीच्या मागील चाकाच्या जागी दोन चाकांचा आस व अवजारपट्टी बसवून कोळपणी-पेरणीचे यंत्र तयार केले. 'बुलेट सांती' या नावाने ते प्रसिद्ध झाले आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्याची दखल घेतली. सौराष्ट्रात ते पसरले, याचे एक कारण असे की त्याचे इंजिन कोणत्याही गावातील मिस्त्रीस उलगडता येत होते. परंतु अशा फेरबदल केलेल्या वाहनासही रस्त्याचे नियम लागू असतातच.

पॉवर वीडर पारखण्याची रीत

बाजारात पॉवर वीडर शेकडो नावांनी विकले जातात. नावे भारतीय असतात, रंग निरनिराळे असतात. आतील यंत्र मात्र पुष्कळदा एकच असते. व्यापारी परदेशातून यंत्र किंवा त्याचे भाग आणून त्यावर आपले नाव चिकटवितो. पुढे त्याने तो व्यापार सोडला की नाव नाहीसे होते आणि त्या नावाने सुटे भाग शोधीत फिरणारा शेतकरी अडचणीत येतो. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने पॉवर टिलर व त्याचे मुख्य भाग मुक्त आयातीतून काढून निर्बंधित यादीत घातले. तरी आधी आलेली यंत्रे आणि या यादीबाहेरील लहान वीडर गावोगाव आहेत.

म्हणून यंत्राचे नाव पाहण्याऐवजी इंजिनावर कोरलेला क्रमांक वाचण्यास शिकावे. चिनी इंजिनांवर १६८ एफ, १७० एफ, १७८ एफ, १८६ एफ असे आकडे व इंग्रजी अक्षर असते. त्यातील पहिला १ म्हणजे एक सिलिंडर. पुढील दोन आकडे म्हणजे सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. 'एफ' म्हणजे हवेने थंड होणारे. याप्रमाणे १७० एफ हे ७० मिलिमीटर व्यासाचे एक सिलिंडरी, हवेने थंड होणारे पेट्रोल इंजिन होय. त्याच्या दट्ट्याची धाव ५५ मिलिमीटर असते. व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५ गुणिले धाव केल्यास (७ × ७ × ०.७८५ × ५.५) सुमारे २१२ घनसेंटिमीटर येतात, यालाच २१२ सी.सी. म्हणतात. असे इंजिन सात अश्वशक्तीचे म्हणून विकले जाते ते ठीक. त्यावरच कोणी नऊ-दहा लिहिले असेल तर ती जाहिरात समजावी. १८६ एफ हे डिझेल इंजिन सुमारे ४०६ सी.सी. असून ते नऊ-दहा अश्वशक्तीच्या वर्गात मोडते. या क्रमांकाचा मोठा उपयोग असा की पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटर हे भाग नावावर न मागता क्रमांकावर मागता येतात आणि ते बहुतेक एकमेकांच्या जागी बसतात. इंजिनावर क्रमांकच नसेल, किंवा तो घासून काढलेला असेल, तर ते यंत्र घेऊ नये.

इंजिन मिळते, अडचण येते ती खालच्या अंगाची. गिअरपेटी, रोटरचा आस, त्याचे ऑइल सील व पाती हे भाग प्रत्येक व्यापाऱ्याचे वेगळे असू शकतात. विक्रेत्याकडे पैसे देण्यापूर्वी चार-पाच वस्तू दुकानात प्रत्यक्ष दाखविण्यास सांगाव्यात: पात्यांचा जोड, रोटरचे ऑइल सील, क्लचची तार, एअर फिल्टर व ओढून सुरू करावयाच्या दोरीची स्प्रिंग. 'मागवून देतो' असे उत्तर आले तर ते नाही असेच धरावे. वाफसा कोणासाठी थांबत नाही. खामगाव, मलकापूर, चिखली अशा आपल्या नेहमीच्या बाजारगावी एखादा मिस्त्री त्या क्रमांकाची इंजिने उघडतो काय, हेही त्याच दिवशी विचारून यावे.

कोणत्या शेतकऱ्यास हे यंत्र खरोखर उपयोगी पडते? देऊळगाव राजा व सिंदखेड राजा भागांत शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन मोठ्या प्रमाणावर होते. तेथे बैल नेता येत नाहीत, ट्रॅक्टर वळत नाही आणि वाफे वर्षातून अनेकदा तयार करावे लागतात. तेथे हलके वीडर आपली किंमत भरून देते. मात्र चोहोबाजूंनी बंद पॉलिहाउसमध्ये पेट्रोल इंजिन चालविल्यास विषारी धूर साठून जीवास धोका होतो. दोन्ही टोके उघडी ठेवल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. सातपुड्याच्या पायथ्याच्या संत्राबागांत व इतर फळबागांतही त्याचा उपयोग आहे. कपाशीच्या रुंद ओळींत ते सहज चालते. सोयाबीनमध्ये मात्र विचारपूर्वक वापरावे. ४५ सेंटिमीटर अंतराच्या ओळींत दोन्ही बाजूंस रोपांपासून पुरेशी जागा सोडली, तर कामाची रुंदी २५ ते ३० सेंटिमीटरहून अधिक ठेवता येत नाही. आणि पाते खोल गेल्यास मुळे तुटतात. सोयाबीनची पहिली डवरणी पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी, दुसरी ३० ते ३५ दिवसांनी करावी व फुलोरा आल्यावर करू नये, ही शिफारस यंत्रासही तितकीच लागू आहे. ओल्या काळ्या जमिनीत रोटर फिरविल्यास माती गोळा होऊन खाली घट्ट थर तयार होतो. ज्या दिवशी डवऱ्याच्या पासेस माती चिकटते, त्या दिवशी वीडरही बाहेर काढू नये.

ज्याच्याकडे चार एकर सोयाबीन व एक एकर कपाशी एवढेच आहे, त्याचे काम सायकल डवऱ्याने किंवा भाड्याच्या यंत्राने भागू शकते. हे पुढील हिशेबावरून स्पष्ट होईल.

हिशेब कसा करावा

खालील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून ते पुन्हा मांडावेत. समजा, एक स्वस्त यंत्र ६०,००० रुपयांस मिळते व तीन वर्षे टिकते. नंतर ते भंगारात जाते. वर्षाचा बोजा २०,००० रुपये झाला. दुसरे यंत्र १,१२,००० रुपयांचे आहे, त्याचे भाग तालुक्यात मिळतात व ते सात वर्षे चालते. वर्षाचा बोजा १६,००० रुपये. दोन्ही यंत्रे वर्षास २५ दिवस चालली, तर पहिल्याचा दिवस ८०० रुपयांस व दुसऱ्याचा ६४० रुपयांस पडतो. पहिले यंत्र भागाअभावी हंगामात पाच दिवस उभे राहिले, तर उरलेल्या २० दिवसांवर तोच बोजा दिवसास १,००० रुपये होतो. त्या पाच दिवसांत वाढलेल्या तणाने पिकाचे जे नुकसान केले ते यात धरलेले नाही, आणि खरा तोटा तोच असतो.

आता स्वतःच्या शेतात वर्षाकाठी केवळ आठच दिवस काम असेल तर काय होते ते पाहा. पहिले यंत्र दिवसास २,५०० रुपयांस पडते, चांगले यंत्रसुद्धा २,००० रुपयांस. इंधन व चालविणाऱ्याची मजुरी त्याशिवाय. गावात यापेक्षा कमी दराने यंत्र भाड्याने मिळत असेल तर स्वतःचे यंत्र घेण्यात अर्थ नाही. किंवा तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून एक चांगले यंत्र घ्यावे. मात्र वाफशाच्या दिवशी प्रथम कोणाचे शेत, हे यंत्र घरी येण्यापूर्वी लिहून ठरवावे. भांडणे यंत्राच्या किमतीवरून होत नाहीत, पाळीवरून होतात. २०१८ पासून बुलढाण्यासह पंधरा जिल्ह्यांत राबविलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून शेतकरी गटांनी अवजारे बँका उभारल्या आहेत. आपल्या परिसरातील बँकेत कोणती यंत्रे आहेत याची यादी ग्रामकार्यकर्त्यांनी चावडीवर लावल्यास अनेकांचा अनावश्यक खर्च टळेल.

अनुदान, तपासणी अहवाल व तक्रार

कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून सुरू झाले असून राज्यात त्यासाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावयाचा असतो. पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केलेल्या यंत्रास अनुदान मिळत नाही, आणि मान्य संस्थेचा तपासणी अहवाल नसलेल्या यंत्रासही मिळत नाही. 'आधी घ्या, अनुदान नंतर आम्ही काढून देतो' असे सांगणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहावे. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून कार्यरत असलेली केंद्रीय संस्था यंत्रांची तपासणी करते. विक्रेत्याने अहवाल दाखविल्यास त्याच्या पहिल्या पानावर समाधान मानू नये. त्यातील मॉडेल आणि यंत्राच्या पाटीवरील मॉडेल एकच आहे काय ते पडताळावे. ताशी इंधन व ताशी झालेले काम पाहावे. आणि शेतातील चाचणीत कोणते बिघाड झाले ते पान काळजीपूर्वक वाचावे. हाताला बसणाऱ्या कंपनांचे मोजमापही त्यात असते. दिवसभर यंत्र धरणाऱ्याच्या दृष्टीने तो आकडा महत्त्वाचा आहे. अहवाल इंग्रजीत असल्याने ग्रामकार्यकर्त्यांनी तो शेतकऱ्यास वाचून दाखवावा, किंवा बुलढाणा अथवा जळगाव जामोद येथील कृषी विज्ञान केंद्रात नेऊन समजून घ्यावा.

यंत्र घरी आल्यावर प्रथम तेल पाहावे. अशी अनेक इंजिने तेल न घालताच खोक्यात येतात, आणि तेलाविना पहिल्याच दिवशी सुरू केलेले इंजिन काही मिनिटांत निकामी होते. पहिल्या वीस तासांनंतर ते तेल बदलून टाकावे. टू-स्ट्रोक यंत्रात पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. पुस्तिकेत ४०:१ असे प्रमाण असल्यास लिटरमागे २५ मिलिलिटर तेल होते. ते अंदाजाने न ओतता मापून घालावे. हँडलवरील पकड सोडताच रोटर थांबतो किंवा नाही, हे विक्रेत्यासमोरच तपासावे. न थांबणारे यंत्र मागे घेताना पाय पात्यात जाण्याचे अपघात होतात.

ऑनलाइन मागविलेले यंत्र सदोष निघाले व विक्रेता दाद देईनासा झाला, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये उपाय आहे. विक्रेता सुरतेचा असो वा दिल्लीचा, तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे आपल्या शेतकऱ्यास बुलढाण्यापलीकडे जावे लागत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी यंत्र वापरणारा शेतकरी कायद्याने ग्राहकच आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्यासाठी जीएसटीचे पक्के बिल, हमीपत्र, इंजिन क्रमांकाचे छायाचित्र आणि विक्रेत्याशी मोबाइलवर झालेला लेखी व्यवहार जपून ठेवावा. प्राथमिक मार्गदर्शन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मिळते. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या यंत्राबाबत खरेदी सिद्ध करणेच कठीण जाते, म्हणून बिलासाठी चार पैसे अधिक पडले तरी ते द्यावेत.